दारापर्यंत गेलात, आता फोन करा

प्रिय ताई,

नाव छापू नका, असं तुम्ही पत्रात तीन ठिकाणी लिहिलं आहे. नाव छापत नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. बाकी वाचकांसाठी पत्राचा गाभा थोडक्यात सांगते. या ताई चाळिशीच्या पुढच्या. नोकरी अशी की रोज अनेक कुटुंबांशी संबंध येतो. गेली काही वर्षं घर झोपलं की त्या पितात. आधी शनिवारपुरतं होतं, मग रोजचं झालं. बाटली कपड्यांच्या कपाटात. दोनदा सोडली, दोन्ही वेळा काही आठवड्यांत परत सुरू झाली. नवऱ्याला ठाऊक आहे, पण तो विषय काढत नाही. हल्ली त्या रात्री फोनवर दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटांच्या मीटिंगचे पत्ते शोधत बसतात. एकदा एका पत्त्यावर गेल्यासुद्धा. दाराबाहेर चार-पाच पुरुष उभे दिसले आणि त्या तशाच माघारी फिरल्या. त्यांचे प्रश्न असे: ‘माझ्यासारखीला चालेल असा गट शोधायचा कसा? कोणी ओळखीचं निघालं तर? मी देव मानत नाही, तरी घेतील का? आणि मुळात मी तेवढी वाया गेलेली आहे का, की उगाच तिथे जाऊन बसू?’

पत्राच्या शेवटी तुम्ही आणखी एक वाक्य लिहिलं आहे, आणि मला सगळ्यात आधी त्याबद्दल बोलायचं आहे. ‘मीटिंगला जायच्या आधी आठ दिवस एक थेंब घेणार नाही, म्हणजे तिथे तोंड दाखवायला लाज वाटणार नाही.’ ताई, हे कृपा करून करू नका. रोज, वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसाने एकदम, एकट्याने दारू बंद करणं धोक्याचं असू शकतं. शरीर दारूला सरावलेलं असतं. शेवटच्या पेगनंतर काही तासांत, बहुतेकदा पहिल्या दिवसभरात, हात थरथरणं, घाम, मळमळ, धडधड, झोप उडणं हे सुरू होतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना नसलेली माणसं दिसू लागतात, आपण कुठे आहोत याचं भान सुटतं, ताप चढतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. सगळ्यांना हे होत नाही. पण आपल्याला होईल की नाही हे घरबसल्या ठरवता येत नाही.

म्हणून आधी डॉक्टर. किती पिता ते खरं सांगा, कमी करून सांगू नका. मागच्या दोन वेळी बंद केल्यावर काय त्रास झाला तेही सांगा, कारण प्रत्येक नव्या वेळी हा त्रास वाढण्याची शक्यता असते. पहिले काही दिवस सुरक्षित जावेत म्हणून औषधं आहेत, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व बहुतेक वेळा देतात, आणि पुढे तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट यांसारख्या गोळ्याही असतात. तितक्याच दारूने बाईच्या रक्तात दारूचं प्रमाण पुरुषापेक्षा जास्त चढतं आणि यकृताला इजाही लवकर होते, तेव्हा तपासणी टाळू नका. आणि पिऊन झाल्यावर मध्यरात्री जीव नकोसा होतो असं कधी वाटत असेल, तर त्याला मीटिंगची वाट पाहायची नसते. त्याच रात्री नवऱ्याला उठवायचं, तातडीची मदत मागायची, आणि डॉक्टरांनाही ते सांगायचं.

मीटिंगसाठी मात्र आठ दिवस कोरडं राहण्याची अट कुणीच घातलेली नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही या क्षेत्रातली सगळ्यात जुनी आणि जगभर पसरलेली संघटना. गट कसे चालावेत हे सांगणाऱ्या तिच्या बारा परंपरांपैकी तिसरी सांगते की सभासद होण्यासाठी एकच गोष्ट लागते: दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असणं नव्हे. त्या दिवशी प्यायलेला माणूसही बऱ्याच गटांत गुपचूप बसून ऐकू शकतो. तुम्ही डॉक्टरांच्या उपचाराबरोबरच, त्याच आठवड्यात मीटिंगला जाऊ शकता. एक संपलं की दुसरं, असं काही नाही.

आता तुमच्या शोधाबद्दल. तुमच्याकडे पत्ते आहेत, वेळा आहेत. अडतंय ते माहितीवाचून नाही. मला वाटतं, तुम्ही योग्य मीटिंग शोधताय, आणि शोधायला हवं आहे माणूस. दारात तुमची वाट बघत उभी असलेली एक बाई. मीटिंग म्हणजे अशी माणसं भेटण्याची जागा. रात्री घर झोपल्यावर, हात कपाटाकडे जातो त्या वेळी फोन उचलणारी दोन-तीन माणसं तुम्हाला हवी आहेत. हे एकदा ठरवलं की कुठला गट, कुठली वेळ, ऑनलाइन की समोरासमोर, हे बाकीचे प्रश्न बरेच सोपे होतात.

ए.ए.ची सुरुवातच अशा फोनमधून झाली. १९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा माणूस अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात कामासाठी आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फिसकटला, खिसा रिकामा, परक्या गावात एकटा. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार होता, तिथले आवाज ऐकू येत होते. दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता आणि शहरातल्या चर्चची यादी लावलेली होती. तो फोनकडे गेला. एका धर्मगुरूला फोन लावला, त्याने आणखी काही नावं दिली, ती एकेक करून लावत गेला आणि शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. त्यांनी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी घालून दिली, जो स्वतः दारूने पुरता गांजलेला होता. थोडा वेळ बसायचं ठरलं होतं, दोघे तासन् तास बोलत बसले. डॉ. बॉबने शेवटची दारू घेतली तो दिवस, १० जून १९३५, ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. विल्सन त्या दिवशी उपदेश ऐकायला माणूस शोधत नव्हता, द्यायलाही नाही. आपण आज पिऊ नये म्हणून त्याला दुसरा पिणारा माणूस हवा होता. तुम्ही फोन कराल तेव्हा पलीकडच्या बाईलाही तुमची तितकीच गरज असते. आपण कुणाला त्रास देतोय असं मनात आणू नका.

याला आधार देणारा १९८१ मधला एक छोटासा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. उपचार घेणारी वीस माणसं होती. अर्ध्यांना मीटिंगची माहिती, पत्ता, वेळ देऊन जायला सांगितलं. उरलेल्यांसाठी समुपदेशकाने त्यांच्यासमोरच गटातल्या एका सभासदाला फोन लावून दिला, आणि त्या सभासदाने बरोबर नेण्याची तयारी दाखवली. आठवड्याभरात दुसऱ्या गटातले सगळे मीटिंगला गेले. नुसता पत्ता मिळालेल्यांपैकी एकही गेला नाही. वीस जणांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये हे खरं. पण तुम्ही दारातून परत फिरलात यात तुमचा भित्रेपणा किंवा इच्छाशक्तीची कमतरता शोधू नका. तुमच्याकडे पत्ता होता, माणूस नव्हता, एवढंच.

फोन कुठे करायचा? ए.ए.च्या अधिकृत संकेतस्थळावर वेगवेगळ्या देशांतल्या आणि विभागांतल्या कार्यालयांचे नंबर असतात. ‘मीटिंग गाइड’ नावाचं त्यांचं मोफत ॲपही आहे, ते बऱ्याच ठिकाणच्या मीटिंग अंतरानुसार आणि वेळेनुसार दाखवतं. यादीवर मात्र विसंबू नका. जागा बदलतात, वार बदलतात, गट बंद होतात आणि यादीत नाव तसंच राहतं. बंद दाराला एकदा टक्कर झाली की पुन्हा जायचा धीर होत नाही, म्हणून आधी फोन करून खात्री करा. फोनवर बहुतेकदा दारू सोडलेला माणूसच असतो. तुम्हाला आडनाव विचारणार नाहीत, पुरावा मागणार नाहीत. एवढंच म्हणा: ‘मला पिण्याचा त्रास आहे. मी आधी कधी मीटिंगला आले नाही. एखाद्या महिला सभासदाशी बोलता येईल का, आणि त्या मला मीटिंगच्या आधी बाहेर भेटतील का?’ तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर लिहून वाचून दाखवा. पहिला नंबर लागला नाही तर दुसरा लावा. नंबर मिळत नसेल तर व्यसनमुक्ती केंद्र, रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा तुमचे डॉक्टर यांना विचारा. आसपासचे गट त्यांना बहुधा माहीत असतात, आणि कधीकधी त्यांच्याच इमारतीत मीटिंग भरते.

यादीत ‘ओपन’ आणि ‘क्लोज्ड’ असे दोन प्रकार दिसतील. ओपन मीटिंगला कुणीही येऊ शकतं: घरचे, विद्यार्थी, ज्यांना फक्त समजून घ्यायचं आहे तेही. क्लोज्डला फक्त ज्यांना स्वतःला दारूचा प्रश्न आहे तेच. ओळखलं जाण्याची भीती आहे त्यांनी क्लोज्डपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. महिलांसाठीच्या आणि नव्याने येणाऱ्यांसाठीच्या वेगळ्या मीटिंगही काही ठिकाणी असतात, त्या मिळाल्या तर उत्तमच. जागा चर्चच्या किंवा देवळाच्या आवारात असली तरी बिचकू नका. गट खोली भाड्याने घेतात, त्या संस्थेचा त्यांच्याशी संबंध असतोच असं नाही.

वेळ निवडताना तुमची अडचणीची वेळ बघा. तुम्ही लिहिलंय की रात्रीची आवराआवर झाली की ओढ सुरू होते. मग दुपारची सोयीची मीटिंग घेण्यापेक्षा संध्याकाळी उशिराची घ्या, आणि रोज रात्रीसाठी ऑनलाइन. ए.ए.च्या ऑनलाइन इंटरग्रुपच्या, म्हणजे ऑनलाइन गटांना जोडणाऱ्या मंडळाच्या, यादीत जगभरच्या मीटिंग असतात, त्यामुळे मध्यरात्रीही कुठेतरी एखादी चालूच असते. आपल्या भाषेतली मिळाली तर तीच आधी धरा. लाज, राग, आईबापांबद्दलचं काहीबाही, हे परक्या भाषेत नीट निघत नाही. ऑनलाइन जाताना एक गोष्ट आठवणीने करा: आत शिरण्याआधी पडद्यावर दिसणारं नाव बदला. ऑफिसच्या कामासाठी भरलेलं पूर्ण नाव तिथे तसंच झळकतं आणि मग पुढचं सगळं ऐकण्यात लक्ष लागत नाही. फक्त पहिलं नाव ठेवा, किंवा एखादं अक्षर. कॅमेरा बंद ठेवला तर बहुतेक गटांत चालतं. कानात हेडफोन घाला, तुमच्यासाठी नाही, बोलणाऱ्या इतरांसाठी.

नुसत्या ऑनलाइनवर भागेल का, असंही तुम्ही विचारता. काहींचं भागतं. पण तुम्ही लपून पिता ताई. लपून पिणारीने लपून बरं व्हायचं ठरवलं की सवयीचा अर्धा भाग तसाच राहतो, असं मला वाटतं. ऑनलाइनने सुरुवात करा, त्यात कमीपणा काही नाही. पण कधीतरी एका खोलीत जाऊन बसा, जिथे दुसऱ्या माणसाला तुमचा थरथरता हात दिसेल आणि तो त्याबद्दल काहीच बोलणार नाही.

ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटू शकतं. खोटा दिलासा देत नाही. गुप्तता हा ए.ए.चा पाया आहे, नावातच तो आहे. इथे कोण दिसलं आणि काय ऐकलं ते बाहेर न्यायचं नाही, हे मीटिंगमध्ये पुन्हा पुन्हा सांगतात आणि लोक ते मनापासून पाळतात. तरी ते एकमेकांना दिलेलं वचन आहे. डॉक्टर-रुग्णासारखं कायद्याचं संरक्षण त्याला नाही. म्हणून नोकरीवर गदा येईल किंवा पोलिसांपर्यंत जाईल अशी एखादी गोष्ट असेल तर ती गटात मांडू नका, समुपदेशकाशी किंवा वकिलाशी बोला. आणि क्लोज्ड मीटिंगमध्ये ओळखीचं माणूस दिसलं, तर ते त्याच कारणासाठी आलेलं असतं. त्याच्याही पोटात गोळा आलेला असतो. फारच अवघड वाटलं तर घरापासून थोडा दूरचा गट निवडा. हल्ली बरेच जण तेच करतात, फक्त अंतर इतकं नको की दर वेळी तेच न जायचं निमित्त होईल.

दाराबाहेरचे पुरुष. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. बऱ्याच ठिकाणी गटात पुरुषच जास्त असतात, आणि एकटी बाई आत शिरली की चार माना वळतात. सुरुवातीच्या काळातही असंच होतं. १९३९ मध्ये मार्टी मॅन ही बाई ए.ए.मध्ये आली तेव्हा तिथे जवळजवळ सगळे पुरुषच होते. ती टिकली, आणि १९४४ मध्ये तिने मद्यासक्ती हा आजार आहे हे लोकांना समजावणारी राष्ट्रीय समिती उभी केली, तेही आपलं नाव न लपवता. तुम्ही नाव जाहीर करावं असं मी सुचवत नाही. पण या खोल्यांमध्ये बायकांची जागा कुणी उपकार म्हणून दिलेली नाही, ती फार आधीपासून आहे. दाराबाहेर उभे असलेले ते चार-पाच जण बहुधा आत जाण्याआधी गप्पा मारत असावेत. त्यातले एक-दोन नव्या माणसाला ‘या’ म्हणायलाच थांबलेले असतात.

काळजी मात्र घ्यायची. फोन नंबर बायकांचे घ्या. ए.ए.मध्ये ‘स्पॉन्सर’ म्हणजे आधी दारू सोडलेलं, ए.ए.च्या बारा पायऱ्या (दारूतून बाहेर पडण्याचे तिने सांगितलेले टप्पे) चढताना सोबत करणारं माणूस. सहसा बाईने बाईच स्पॉन्सर निवडावी असा संकेत आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. नव्याने आलेली बाई हळवी झालेली असते आणि त्याचा गैरफायदा घेणारा क्वचित कुठेतरी निघतो. कुणी सलगी करू लागला, एकटं भेटायला बोलावू लागला, तर गटातल्या जुन्या बाईला सांगा आणि दुसरा गट धरा. कुणी पैसे उसने मागितले, किंवा ‘डॉक्टरच्या गोळ्या बंद कर, त्याही नशाच’ असं सांगितलं, तरी तेच करा. ए.ए.ची स्वतःची भूमिकासुद्धा हीच आहे की कुठल्याही सभासदाने गटात डॉक्टरकी करू नये. मीटिंगला फी नसते. खर्चासाठी डबा किंवा टोपली फिरते, पहिल्या वेळी तुम्ही काहीच टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. संघटना बाहेरून देणगी घेत नाही, सभासदांच्या वर्गणीवरच चालते.

देवाबद्दल. बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मीटिंगच्या शेवटी प्रार्थनाही म्हणतात. मात्र तिथे ‘ज्याला जसा समजला तसा देव’ असं म्हटलेलं आहे, आणि कित्येक नास्तिक लोक वर्षानुवर्षं तिथे टिकून आहेत. त्यांच्यासाठी गट हीच आपल्यापेक्षा मोठी शक्ती. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलं तर कुणी हटकत नाही. तरीही घशाखाली उतरत नसेल तर इतर वाटा आहेत आणि त्या कमी प्रतीच्या नाहीत. ‘स्मार्ट रिकव्हरी’ १९९४ पासून आहे. तिथे देवाचा विषय नाही. विचार आणि वागणूक बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धती वापरतात, प्रशिक्षित संचालक असतो, आणि एकमेकांशी चर्चा करता येते. जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये फक्त बायकांसाठी सुरू केलेली ‘विमेन फॉर सोब्रायटी’ ही तुमच्यासारखीसाठी आवर्जून बघण्यासारखी संघटना आहे, कारण ती बाईच्या लाजेपासून आणि आत्मविश्वासापासून सुरुवात करते. दोघींच्या ऑनलाइन मीटिंग असतात. ‘लाइफरिंग’ हाही निधर्मी गट आहे. ए.ए.मध्येच निधर्मी मीटिंगही असतात, यादीत तशी नोंद शोधा.

मग मी ए.ए.चंच इतकं का सांगते? एक तर समोरासमोरची मीटिंग मिळण्याची शक्यता तिथे सर्वाधिक. दुसरं, पुरावा. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत दहा हजारांहून जास्त माणसं होती. लोकांना ए.ए.शी पद्धतशीर जोडून देणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांइतके तरी उपयोगी ठरले, आणि पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत सरस. ‘पद्धतशीर जोडून देणारे’ हे लक्षात घ्या. नुसती चिठ्ठी हातात देणारे नव्हेत.

‘मी तेवढी वाया गेलेली आहे का?’ ताई, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारत राहाल तोवर उत्तर नेहमी ‘अजून नाही’ असंच येईल, कारण नोकरी आहे, घर चालू आहे, रस्त्यात कधी पडलेल्या नाहीत. मीटिंगमध्ये असे पुष्कळ भेटतील ज्यांची नोकरी कधी गेली नाही. तिथे पात्रतेची परीक्षा नसते. मोजमापच हवं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी आहे, डॉक्टरांकडे ती सोडवा. चाळीसपैकी आठ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे असं मानतात. पण दोनदा सोडून दोनदा परत सुरू झाली, हे तुम्हीच लिहिलंत. मला तेवढं पुरेसं आहे.

आत काय होतं ते सांगते, म्हणजे पहिल्या दिवसाचं दडपण कमी होईल. साधारण तास-दीड तास. एकजण सूत्रं सांभाळतो, सुरुवातीला थोडं वाचन होतं. मग एकेक जण बोलतो: आधी काय होतं, काय घडलं, आता कसं आहे. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली की ‘आज फक्त ऐकायला आले’ एवढं म्हटलं तरी पुरे. ‘मी अल्कोहोलिक आहे’ असं म्हणायची सक्ती नाही. रडू आलं तर येऊ द्या, तिथे ते नवं नाही. काही ऐकताना ‘हे माझं नाही’ असं वाटेल, कारण कुणाच्या गोष्टीत मारामाऱ्या असतील, कुणाच्या तुरुंग. तपशील सोडून द्या आणि भावना ऐका: लपवण्याची धडपड, सकाळची शपथ, संध्याकाळचा तो ‘फक्त आजच’. ‘नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग करा’ असं कुणी म्हणेल, घाबरू नका. झेपतील तितक्या करा, पण एकाच गटात परत परत जा, नाहीतर माणसं ओळखीची होणार नाहीत. आणि पहिली मीटिंग रटाळ गेली, एखादा बोलघेवडा अर्धा तास बोलत बसला, असं होऊ शकतं. गट एकमेकांपेक्षा फार वेगळे असतात. सहाएक मीटिंग, दोन-तीन वेगवेगळे गट, इतकं केल्याशिवाय ‘हे माझ्यासाठी नाही’ असं ठरवू नका. मध्ये प्यायलात तरी पुढच्या मीटिंगला जा. स्लिप झालेल्या माणसाला तिथे बसायला जागा करून देतात.

तुमच्या नवऱ्याबद्दल एकच. ते गप्प आहेत याचा अर्थ त्यांना पर्वा नाही असा काढू नका. काय बोलावं हेच बहुतेकांना सुचत नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ आहे, १९५१ पासून, आणि त्यांना तुमच्या परवानगीशिवायही तिथे जाता येतं. मीटिंगची वेळ त्यांना सांगून ठेवा. ‘मी अमुक वाजता जाणार आहे, नऊला येईन’ इतकंच. बाकीचं बोलणं हळूहळू होईल.

पहिल्या मीटिंगनंतर लगेच घराकडे पळू नका. खरी ओळख शेवटच्या दहा मिनिटांत होते, खुर्च्या आवरताना. दोन-तीन बायकांचे नंबर मागा. त्या स्वतःहूनही देतील. आणि त्यातला पहिला फोन तलफ आलेली नसताना करा. त्याच रात्री, किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी, ‘काल भेटलो होतो, घरी नीट पोचले’ एवढं सांगायला. आवाज एकदा ओळखीचा झाला की अडचणीच्या वेळी तो नंबर लावायला हात कचरत नाही. नंबर फोनमध्ये त्यांच्या पहिल्या नावाने साठवा आणि यादीत सगळ्यात वर ठेवा.